विहिरीची रेघ

लग्न होऊन नागपूरला आले, त्या दिवशी आमच्या घरमालकांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमच्या गावाहून इथं याले किती वेळ लागला?"

मी म्हटलं, पाच तास.

"अन् अंतर किती?"

ते मला माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पडला. "मग काही सांगता येत नाही," असं पुटपुटत ते आपल्या घरात निघून गेले आणि मी हातातली ट्रंक तशीच धरून नवऱ्याकडे पाहत राहिले. नवरा म्हणाला, "मनावर नको घेऊ. माणूस चांगला आहे, फक्त मोजतो."

सीताबर्डीच्या मागच्या अंगाला, टेकडीच्या उतारावर त्यांचं आवार होतं. एका बाजूला त्यांचं दोन खोल्यांचं घर, समोर आम्हा भाडेकऱ्यांच्या सात खोल्या, मधे अंगण, आणि अंगणात दगडानं बांधलेली, वीस फूट तोंडाची विहीर. सरकारी नळ रस्त्यावर होता. उन्हाळ्यात त्याला पाणी यायचं तेव्हा यायचं. त्यामुळे सगळं आवार विहिरीवर जगत असे.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले. रूळ टाकण्याआधी जमिनीचा चढउतार मोजायचा, ही त्यांची सगळी नोकरी. आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. उंच, वाळके, अंगात बंडी आणि खाली खाकी अर्धी पँट. बंडीच्या गळ्यात कायम एक शिवणाची सुई टोचलेली. ती सुई शिवणासाठी नव्हती. आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचं ते पेन्सिलीनं नाही, सुईनं टोचून द्यायचं, असा त्यांचा नेम. "पेन्सिलीचं टिंब जाड येते," ते म्हणायचे, "त्याच्या पोटात तीन रेघा मावतात."

त्या घरात आलेख नाही अशी वस्तू नव्हती. अंगाचा साबण रोज आंघोळ झाली की सोनाराच्या काट्यावर चढे. देवापुढची समई तासाला किती तेल पिते याचा कागद देवघराच्या दाराला चिकटवलेला. लोणच्याच्या बरणीवर बाहेरून कागदाची पट्टी लावून ते दर रविवारी खूण करायचे. काकू, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायच्या, "पोरगी माहेरी आली का लोणचं धाडकन उतरते वं. मग हे मले विचारतात, या आठवड्यात चढ काहून बदलला. आता मी काय सांगू यायले?"

कोणी तक्रार घेऊन आलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असे. "एका टिंबातून हजार रेघा जातात. दुसरं टिंब आणा, मग बोलू." दूधवाल्यानं पाणी घातलं म्हणून कोणी भांडत आलं, तर विचारायचे, "आजच पाह्यलं? मग उद्याचंही पाहून या." एकदा शेजारच्या गल्लीतले गृहस्थ मुलीसाठी आलेल्या स्थळाबद्दल सल्ला विचारायला आले. मुलगा काय करतो, कोणत्या जागेवर आहे, ते सांगू लागले. काकाजींनी त्यांना थांबवलं. "आज कुठं आहे ते राहू द्या. पाच वर्षांपूर्वी कुठं होता ते पहिले सांगा." गृहस्थांना राग आला. पण घरी जाऊन त्यांनी चौकशी केली असणार, कारण ते लग्न पुढे झालं नाही.

माझा नवरा हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला होता. सकाळी कंपनीची बस त्याला घेऊन जायची ती संध्याकाळी आणून सोडायची. दिवसभर मी एकटी. मी मॅट्रिकला दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा बीजगणितात. सासरी हे माहीत होतं, पण आवारात कोणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी मी दारात बसून पुस्तक उघडलं होतं आणि समोर कांदे चिरायला घेतले होते, म्हणजे डोळ्यांतलं पाणी कोणी पाहिलं तर सांगायला कारण असावं. काकाजी समोर येऊन उभे राहिले.

"काहून रडून राहिली वं पोरी?"

"कांदा चिरतेय."

त्यांनी कांद्याकडे पाहिलंच नाही. पुस्तकाकडे पाहिलं. पान रेषेच्या समीकरणाचं होतं. "वाय बरोबर एम एक्स अधिक सी" हे मी स्तोत्रासारखं पाठ केलं होतं. त्यातलं कोण काय करतं, हे मला शपथेवरसुद्धा सांगता आलं नसतं.

"सुरी ठेव. विहिरीवर चाल," ते म्हणाले.

ते रोज सकाळी सहाला विहिरीत मोजायची फीत सोडत. तिच्या टोकाला पितळेचं वजन बांधलेलं. त्या दुपारी त्यांनी फीत माझ्या हातात दिली. वजन पाण्याला टेकलं की हाताला कळतं, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"किती आले?"

"पंचवीस फूट."

"विहीर बेचाळीस फूट खोल आहे. मग तळापासून पाणी किती?"

"सतरा."

"धुळवडीच्या दिवशी अठरा होतं. आज आठवा दिवस. म्हणजे काय झालं?"

"आठ दिवसांत एक फूट उतरलं."

"आठात एक," ते खूश होऊन म्हणाले. रेल्वेत चढ असाच सांगत असत. "हा तुझा एम. पाणी चढून नाही राह्यलं, उतरून राह्यलं, म्हणून त्याच्यापुढे वजा. आता सी कोण ते सांग."

मी विहिरीत वाकून पाहिलं.

"एकही दिवस गेला नव्हता तेव्हा पाणी किती होतं?"

"अठरा."

"तोच. रेघ कुठून निघाली अन् कशी चालली, दोनच गोष्टी लागतात. दिवस म्हणजे एक्स अन् पाणी म्हणजे वाय. आता चोविसाव्या दिवशी किती राहील?"

मी अंगणातल्या मातीत काडीनं मांडलं. चोविसाला आठानं भागलं, आलेले तीन अठरातून वजा केले. "पंधरा," मी म्हटलं. "बरोबर आहे?"

"मले कशाले विचारतेस? चोविसाव्या दिवशी विहिरीले विचार."

सोळा दिवस मी त्या उत्तराची वाट पाहिली. चोविसाव्या दिवशी सकाळी सहाला काकाजींच्या आधी विहिरीवर जाऊन उभी राहिले. फीत सोडली. सत्तावीस. म्हणजे तळापासून पंधरा फूट. पुस्तकातली एक ओळ खरंच कुठंतरी घडत असते, याचं मला इतकं नवल वाटलं की मी पुन्हा एकदा फीत सोडून पाहिली. पुढे ऑक्टोबरच्या परीक्षेत मी पास झाले, पण त्या सकाळचा आनंद निकालाच्या दिवशी झाला नाही.

त्याच सकाळी फाटकाशी हातगाडी उभी होती आणि तिच्यावरून सामान उतरत होतं. सातवी खोली चार दिवस रिकामी होती. त्यात पाच जणांचं कुटुंब आलं. नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. बायको, विमलताई, सरकारी दवाखान्यात नर्स होती. दोन मुली आणि एक सासू. दुपारपर्यंत भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली. हे छप्पन साली धर्म बदललेल्यांपैकी घर आहे, हे आमच्या बाकीच्या सहा खोल्यांना कळलं, आणि कोणी काही बोललं नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून विमलताई विहिरीवर आली की दुसऱ्या बाया आपापल्या बादल्या उचलून थोड्या बाजूला उभ्या राहायच्या. मीही राहायचे. सगळ्या राहत म्हणून, एवढंच कारण.

पुढे दोन-तीन आठवड्यांत विहिरीचं पाणी भराभर उतरायला लागलं. दोराला गाठ मारून तो वाढवावा लागला. आमच्यात दामोदरराव म्हणून कोर्टातले कारकून होते. त्यांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "हे लोक आले अन् विहीर गेली. ती बाई रोज पांढरे कपडे धुते. पाणी काय कमी लागते?"

माझी खिडकी विहिरीसमोर होती. दामोदररावांच्या बायकोनं मला बादल्या मोजायला सांगितल्या. मी मोजल्या. एका सकाळी विमलताईनं चौदा बादल्या भरल्या आणि तो आकडा मी जाऊन सांगितला. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या खोल्यांत फिरला होता. दोन दिवसांनी दामोदररावांनी काकाजींच्या नावानं अर्ज लिहिला, की सातव्या खोलीतल्यांना दुसरीकडे जागा पाहायला सांगावं. त्यावर आमच्या घरातर्फे माझ्या नवऱ्याची सही होती. मीच त्याला करायला लावली होती.

काकाजींनी अर्ज वाचला आणि मला बोलावलं.

"चौदा बादल्या कोणी मोजल्या?"

"मी."

"किती दिवस?"

"एक दिवस."

मला वाटलं आता रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी आलेखाची वही माझ्यापुढे सरकवली. "टिंबं माझी आहेत. रेघ तू काढ. मी काढली तर दामोदर म्हणेल, म्हातारा आधीच ठरवून बसला होता."

ती वही घेऊन मी घरी आले. दार लावून, ओल्या पंच्यानं डोकं झाकून बसले, कारण बाहेर ऊन आग ओतत होतं. धुळवडीपासूनची टिंबं पट्टीला लावली. पहिल्या दिवसापासून ती एका सरळ रेघेत होती. चोविसावा दिवस आला, रेघ हलली नाही. तिसावा आला, तरी नाही. चाळिसाव्या दिवशी पाणी तेरा फूट होतं, समीकरणानं सांगितलं होतं तेवढंच. त्यानंतर मात्र टिंबं खाली वळली. चव्वेचाळीसला बारा, अठ्ठेचाळीसला अकरा, बावन्नला दहा. आठात एक नाही, चारात एक.

म्हणजे विमलताईचं घर आलं तेव्हा विहिरीला काहीच झालं नव्हतं. जे झालं ते त्यानंतर सोळा दिवसांनी.

मला तेवढ्यावर उठता आलं असतं, पण या नव्या रेघेचं समीकरण काढल्याशिवाय राहवेना. चढ वजा एक चतुर्थांश. सी काढायला चाळिसावा दिवस घातला. चाळीसचा पाव दहा, म्हणून तेरा अधिक दहा. सी आला तेवीस. मी तीनदा करून पाहिलं, तीनदा तेवीस. वही घेऊन काकाजींकडे गेले.

"काकाजी, माझं चुकलं. विहिरीत तेवीस फूट पाणी कधीच नव्हतं. धुळवडीला अठराच होतं."

त्यांचे डोळे लुकलुकले. मी त्यांना इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. "नाही चुकलं. ही रेघ मागं नेली का तेविसावर पोचते, अन् तिथं तर पाणी नव्हतंच. म्हणजे ही रेघ धुळवडीपासून निघालीच नाही. हे कोणीतरी मधेच घुसलं आहे. चाळिसाव्या दिवशी. कोण, ते मले माहीत नाही. पण शोधून काढतो का नाही, बघ."

रविवारी सकाळी सगळे विहिरीभोवती जमले. धुळवडीपासूनचा छप्पन्नावा दिवस होता तो. काकाजींनी मला बोलायला लावलं. पाठीमागे विमलताई दारात उभी होती, तिच्याकडे मी पाहिलं नाही. मी दोन्ही रेघा दाखवल्या, कोणत्या दिवशी काय झालं ते सांगितलं.

"पण चौदा बादल्या तूच मोजल्या ना?" दामोदरराव म्हणाले.

"मोजल्या. एकच दिवस," मी म्हटलं.

मग काकाजी पुढे झाले. "चौदा बादल्यांनी ही विहीर पाव इंच उतरते. अन् त्या खोलीत पहिलेही पाच जण होते, त्यायलेही पाणी लागत होतं. आता जे जास्तीचं जाऊन राह्यलं ते रोजचं दीड इंच आहे. चौऱ्याऐंशी बादल्या. दामोदर, एका बाईनं चौऱ्याऐंशी बादल्या काढल्या तर तुले दिसणार नाही का गा?"

दामोदररावांनी अर्ज घडी घालून खिशात ठेवला. कोणी माफी मागितली नाही. सगळे आपापल्या घरी गेले.

ते पाणी कोण नेत होतं, हे काकाजींनी आठवड्याभरात शोधून काढलं. मागच्या गल्लीत बर्फाचा कारखाना होता. तिथं नवीन बोअर खणली होती आणि तिचा पंप चाळिसाव्या दिवशीच सुरू झाला होता. चौकीदारानंच सांगितलं. काकाजी आलेख घेऊन मालकाकडे गेले. मालकानं तो उलटा धरून पाहिला, चहा पाजला आणि परत पाठवलं. पंप थांबला नाही. समीकरणाप्रमाणे चौऱ्याऐंशीव्या दिवशी बादली बुडायची बंद व्हायला हवी होती. ती शहाऐंशीव्या दिवशी झाली. पाऊस येईपर्यंत आम्ही सगळे रस्त्यावरच्या नळाला रांगा लावत होतो आणि काकाजी त्या दोन दिवसांच्या फरकानं हैराण होते.

पण मला सांगायचं आहे ते विहीर आटण्याआधीचं.

त्या रविवारनंतर चार दिवसांनी मी धीर करून विमलताईकडे गेले. ती इस्त्रीचा गणवेश घडी घालत होती. मी म्हटलं, "बादल्या मोजणारी मी होते."

"माहीत आहे. तू खिडकीत उभी होतीस," ती म्हणाली. "म्हणून त्या दिवशी दोन जास्तच भरल्या."

"काहून?"

"राग आला होता."

तिनं घडीवरून हात फिरवला. ती शांतपणे म्हणाली, "इंदोऱ्याला, आमच्या लोकांच्या वस्तीत, एक खोली पाहिली आहे. पुढच्या महिन्यात जाऊ."

"पण आता तर सगळ्यांना कळलं ना, तुमचा काही संबंध नाही म्हणून."

"कसं कळलं? रेघेवरून. रेघ आमच्या बाजूनं निघाली म्हणून आम्ही राहायचं. वाकडी निघाली असती तर? आमच्या घरात माणसं जास्त असती, पाणी जास्त लागलं असतं, तर तो अर्ज बरोबर ठरला असता का?" तिनं गणवेश पेटीत ठेवला. "त्या अर्जात पाण्याबद्दल काही नव्हतं, बाई. ते तुलाही माहीत आहे."

संध्याकाळी मी हे काकाजींना जसंच्या तसं सांगितलं. कोणत्याही प्रश्नाला उलटा प्रश्न विचारणाऱ्या काकाजींनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "वाकडी निघाली असती तर. हे मले कोणी विचारलंच नाही."

"तुम्ही स्वतःला?"

"मीही नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी बादली घेऊन अंगणात आले. काकाजी फीत घेऊन विहिरीकडे निघाले होते. कठड्यापाशी थांबले. फीत सोडली नाही. तसेच वळून सातव्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. विमलताई दवाखान्यात जायच्या तयारीत होती.

"तुम्ही पोरीले जे विचारलं," काकाजी म्हणाले, "त्याचं उत्तर मले येत नाही. म्हणून आलो."

विमलताईनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते गंमत करत नव्हते, टाळत नव्हते. न सुटलेल्या गणितापुढे बसतात तसा त्यांचा चेहरा होता.

"बसा," ती म्हणाली. "उभ्यानं होणारी गोष्ट नाही ही."

ते उंबऱ्यावर बसले. फीत मांडीवर ठेवली. तीही दारातच पाटावर बसली. मग ती बोलत होती आणि ते मान खाली घालून होते. मी विहिरीवरून चार खेपा केल्या, तरी बोलणं चालूच. मधेच तिची सासू बाहेर आली आणि तीही काहीतरी सांगू लागली, कोणत्या तरी गावातल्या कोणत्या तरी विहिरीचं. काकू दोनदा दाराशी येऊन पाहून गेल्या. दामोदररावांनी सायकल बाहेर काढली आणि तिकडे न पाहता गेले. ऊन अंगणभर पसरलं. विमलताईला त्या दिवशी दवाखान्यात उशीर झाला असणार.

काकाजी परत आले तेव्हा मी विचारलं, "काय सांगितलं तुम्ही त्यांना?"

"मी काही नाही सांगितलं. ऐकून राह्यलो होतो."

विमलताई इंदोऱ्याला गेली नाही. आम्ही ते आवार सोडलं तेव्हाही सातव्या खोलीत तीच राहत होती. का राहिली, ते मी तिला विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

त्या आठवड्यात आलेखाची वही पूर्ण करायला काकाजींनी मला दिली. साठावा दिवस होता, बासष्टावा होता. मधला एकसष्टावा कोरा होता. तोवर त्यांच्या कुठल्याच कागदावर मी कोरी जागा पाहिली नव्हती. मी म्हटलं, "काकाजी, हे मी भरून टाकू का? समीकरणात घालून निघतं. पावणेआठ फूट येते."

त्यांनी बंडीच्या गळ्यातली सुई काढली, कागदावर धरली आणि परत जागेवर टोचून ठेवली.

"येते ना, पावणेआठच येते," ते म्हणाले. "पण मी पाह्यलं नाही."